सिंधूची शोकात्मता : ‘एकच प्याला’च्या नायिकेचा पुनर्विचार

‘एकच प्याला’ हे नाटक सुधाकराचे की सिंधूचे, हा प्रश्न मराठी नाट्यसमीक्षेला नवा नाही. नाटकाची बांधणी पाहिली तर ते निःसंशय सुधाकराचे आहे. त्याची वकिलीची सनद काही काळ रद्द होते, अपमानाने पोळलेल्या मनाला तळीराम मद्याचा मार्ग दाखवितो आणि पाचही अंकांतून त्याचा अधःपात पायरीपायरीने घडत जातो. प्रेक्षकांचे अश्रू मात्र सिंधूच्या वाट्याला येतात. या विसंगतीतून तिच्याविषयी दोन मते रूढ झाली. एका मतानुसार ती पातिव्रत्याचा आदर्श आहे. दुसऱ्या मतानुसार ती केवळ सोसणारी आहे, म्हणून करुण आहे, शोकात्म नव्हे. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीत एकच आहे : सिंधू स्वतः काही करीत नाही, तिच्यावर सारे कोसळते. हे गृहीत संहितेच्या आधारे कितपत टिकते, ते पाहणे अगत्याचे आहे.

त्याआधी रंगभूमीवरील सिंधू आणि संहितेतील सिंधू यांत भेद करावा लागतो. गडकऱ्यांचे निधन 23 जानेवारी 1919 रोजी झाले आणि गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. नाटककाराला आपली सिंधू रंगमंचावर पाहावयास मिळाली नाही. पदेही त्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. बालगंधर्वांच्या गायनाने सिंधूचे दुःख महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, हे त्या भूमिकेचे ऋण मान्यच आहे. परंतु गायनाने दुःखाला जे माधुर्य आले, त्यामुळे त्या दुःखामागील निर्धार काहीसा झाकला गेला. गद्यातील सिंधू दुसऱ्यांचे दळण दळते ते पोट भरण्यासाठी. तिच्या जात्यात रोजच्या भाकरीचा हिशेब आहे.

गडकऱ्यांच्याच ‘पुण्यप्रभाव’शी तुलना केली असता या नायिकेचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. तेथे वसुंधरेच्या पातिव्रत्याचे तेज वृंदावनासारख्या दुष्टाचेही हृदयपरिवर्तन घडवून आणते. सद्गुण हे तेथे एक सामर्थ्य आहे. सिंधूची निष्ठा वसुंधरेच्या निष्ठेहून तसूभरही उणी नाही. परंतु या नाटकात त्या निष्ठेचा प्रभाव पडत नाही. खलपुरुषाला लज्जित करता येते, व्यसनाला लज्जा नसते. सुधाकराला पश्चात्ताप होतो, तो मद्य सोडण्याचा निश्चयही करतो. पण प्रतिष्ठित परिचितांची दारे बंद झालेली पाहून पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या क्षणी सिंधूच्या पुण्याईत काही न्यून होते असे नाटककार सुचवीत नाही. पुण्याई पूर्ण असूनही निष्फळ ठरते, आणि येथेच गडकरी आपल्याच पूर्वीच्या श्रद्धेला कसोटीस लावतात.

आता सिंधूच्या कृतींकडे वळावे. तिचे दारिद्र्य हे अटळ प्राक्तन नव्हे. माहेर संपन्न आहे, भाऊ पद्माकर तिला नेण्यास आला आहे, रामलालसारखा हितचिंतक जवळ आहे. दार उघडे असताना ती त्यातून जात नाही. पतीला न सोडण्याचा आणि माहेरची मदत न घेण्याचा तिचा निर्धार, हा या नाटकातील सर्वांत बलवान निश्चय आहे. सुधाकराचे निश्चय मोडतात, हिचा मोडत नाही. पर्यायाची तिला जाणीव नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण तळीरामाची बायको गीता हा पर्याय तिच्या डोळ्यांसमोर वावरतो. गीता दारुड्या नवऱ्याला स्पष्ट शब्दांत बोल लावते, तिच्या तोंडाला कुलूप नाही. मात्र नाटककाराने हे परखड शहाणपण विनोदाच्या कक्षेत ठेवले. त्यामुळे गीतेचे म्हणणे प्रेक्षकांना हसवून जाते, नाटकाच्या निर्णयावर त्याचा भार पडत नाही.

सिंधूच्या निश्चयाची किंमत ती एकटीच देती, तर तिची कथा केवळ त्यागाची ठरली असती. ती किंमत तिच्या तान्ह्या मुलालाही द्यावी लागते. सुधाकराच्या उन्मत्त हातून मूल दगावते आणि सिंधूवरही प्राणघातक घाव बसतो. यानंतरची तिची दुसरी कृती म्हणजे फौजदारापुढील खोटी जबानी. आयुष्यभर सत्याने वागलेली स्त्री मरणाच्या दारी असत्य बोलते आणि पतीवरील आरोप नाहीसा करते. या प्रसंगाला पातिव्रत्याचा कळस मानण्याचा प्रघात आहे. पण या जबानीत पत्नी बोलते, माता बोलत नाही. आपल्या बाळाच्या मृत्यूचा जाब विचारणारे कोणीही उरू नये, अशी व्यवस्था खुद्द त्याची आईच करते. सिंधूच्या व्यक्तिरेखेतील सर्वांत भेदक स्थळ हेच आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा क्वचितच होते.

शोकात्म नायकाचा प्रमाद त्याच्या थोरपणापासून वेगळा काढता येऊ नये, ही अपेक्षा येथे पूर्ण होते. जी निष्ठा सिंधूला उंचीवर नेते, तीच मुलाला त्या घरात ठेवते. दैवाची क्रूर थट्टा अशी की, जबानीचा हेतूही विफल होतो. ती सुधाकराला कायद्यापासून सोडविते. पण तो विष मिसळलेला प्याला घेऊन स्वतःच स्वतःला शिक्षा देतो.

मग सिंधूला पूर्णार्थाने शोकात्म नायिका म्हणावे काय? एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. आपल्या निष्ठेने काय घडले याचे ज्ञान नाटककार तिला होऊ देत नाही. आत्मज्ञानाचा क्षण सुधाकराच्या वाट्याला येतो, सिंधू मात्र अखेरपर्यंत निःशंक राहते. गडकऱ्यांची सहानुभूती तिच्या आदर्शाच्या बाजूने होती, यात संशय नाही. तथापि प्रसंगांची जी मालिका त्यांनी रचली, ती त्या आदर्शाविरुद्ध साक्ष देते. सिंधूला जे उमगत नाही, ते उमगून घेण्याची जबाबदारी त्यामुळे प्रेक्षकावर येऊन पडते. तिच्यासाठी ढाळलेल्या अश्रूंनी ही जबाबदारी फिटत नाही; जात्याशेजारच्या त्या बाळाचाही विचार केल्याखेरीज सिंधूच्या शोकाचे मोजमाप पुरे होणार नाही.