सामूचें गणित आणि सामूचा अर्थ

प्रारंभिक रसायनशास्त्राच्या पुस्तकांत कांहीं प्रकरणें अशीं असतात कीं, त्यांतील उदाहरणें विद्यार्थ्याला सुटतात, पण विषय मात्र उमगत नाहीं. अशा प्रकरणांत आम्ल आणि अल्क यांच्या प्रकरणाला आम्ही पहिलें स्थान देऊं. आंबट तें आम्ल. लिटमसचा निळा कागद तांबडा करतें तें आम्ल. ज्याच्या द्रावणाचा सामू ७ हून कमी तें आम्ल. अशा तीन ओळखी एकीमागून एक येतात. मग एक सूत्र येतें, त्याखालीं दहा-बारा उदाहरणें येतात आणि प्रकरण संपतें. कोणा एका ग्रंथकाराचे दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या मांडणीचेंच परीक्षण येथें करावयाचें आहे. कारण आमच्या मतें तिच्यांत उत्तर आधीं दिलें जातें आणि प्रश्न कधीं विचारलाच जात नाहीं.

हा प्रश्न प्रथम नीट विचारला गेला तो कोपनहेगन येथें. तेथील कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या मालकानें १८७५ सालीं एक प्रयोगशाळा स्थापन केली होती. तिच्या रसायनविभागाचे प्रमुख एस. पी. एल. सोरेन्सन हे विकरांचा, म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होऊन रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या द्रव्यांचा, अभ्यास करीत होते. द्रावणांत एकूण आम्ल किती घातलें आहे, एवढ्यावरून विकराच्या कामाचा अंदाज बांधतां येत नाहीं. आम्लाच्या रेणूंपासून सुटा झालेला हायड्रोजन-आयन त्या क्षणीं किती आहे, हें कळावें लागतें. घातलेलें आम्ल किती हा एक प्रश्न, आणि त्यांतून मोकळें झालेलें किती हा दुसरा. सामू हें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे. ही एक गोष्ट प्रकरणाच्या पहिल्या पानावर सांगितली असती, तर पुढील निम्मे घोटाळे जन्मालाच आले नसते.

हें मोकळें प्रमाण फार सूक्ष्म असतें. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर शुद्ध पाण्यांत तें मोलाचा एक कोटीवा भाग एवढेंच असतें. अशा संख्या लिहितांना शून्यांची रांग लागते. म्हणून १९०९ सालीं सोरेन्सन यांनीं युक्ति काढली कीं, ती संख्या दहाच्या घातांत लिहावी आणि ऋणचिन्ह टाकून नुसता घातांक सांगावा. एक कोटी म्हणजे दहाचा सातवा घात. म्हणून पाण्याचा अंक ७. ही केवळ लिहिण्याची सोय नव्हे. हायड्रोजनच्या विद्युदग्रानें मोजमाप केलें असतां प्रमाण दसपट बदललें कीं विद्युद्दाबांत दर वेळीं तेवढाच, २५ अंशांवर सुमारे ५९ मिलिव्होल्टचा, फरक पडतो. म्हणजे ज्या साधनानें ही गोष्ट मोजली जाते, तें साधनच पटींच्या भाषेंत बोलतें. सोरेन्सन यांनीं त्या भाषेला लिपि दिली. त्या लिपीशीं आमचा कांहीं वाद नाहीं. ती शिकविण्याच्या रीतीशीं आहे.

पहिला दोष असा कीं, ‘तीव्र’ आणि ‘संहत’ या दोन शब्दांतला भेद विद्यार्थ्याच्या मनावर ठसत नाहीं. दर लिटरला ०.१ मोल या प्रमाणाचीं दोन द्रावणें घ्या. एक हायड्रोक्लोरिक आम्लाचें आणि दुसरें व्हिनेगरांतील अ‍ॅसेटिक आम्लाचें. पहिल्यांतील जवळजवळ सर्व आम्ल आयनांत विभागलें जातें, आणि सामू सुमारे १ येतो. दुसऱ्यांत शंभर रेणूंपैकीं एक-सव्वा रेणूच विभागतो, आणि सामू सुमारे २.९ येतो. दोहोंची संहति एकच, पण तीव्रता अगदीं निराळी. आतां गंमत पाहा. दोहोंचें उदासिनीकरण करावयास कॉस्टिक सोडा मात्र सारखाच लागतो. कारण मोकळा हायड्रोजन-आयन खर्च झाला कीं राखीव रेणु विभागून त्याची जागा भरतात. एका गृहस्थाच्या खिशांत दहा रुपये सुटे आहेत. दुसऱ्याच्या खिशांत एक रुपया सुटा आणि नऊ पेढीवर आहेत. दुकानदाराला सुटे पैसे दिसतात, सावकाराला एकूण पुंजी. सामू सुटे पैसे मोजतो, आणि उदासिनीकरण पुंजी मोजतें. हा भेद न सांगतां दोन्हींचीं उदाहरणें एकाच पानावर दिलीं, म्हणजे विद्यार्थी आंकडे बरोबर मांडतो आणि अर्थ चुकीचा घेऊन उठतो.

दुसरा दोष सूत्राच्या आंधळ्या वापराचा. दर लिटरला मोलाचा दहा कोटीवा भाग एवढें हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यांत घातलें, तर सामू किती? सूत्रांत आंकडा टाकणारा विद्यार्थी ८ असें उत्तर देईल. म्हणजे शुद्ध पाण्यांत आम्ल घातल्यानें पाणी अल्कधर्मी झालें! गणितांत हातचुकी कोठेंच नाहीं, आणि तरी उत्तर हास्यास्पद आहे. पाण्यांत स्वतःचे हायड्रोजन-आयन असतात, आणि येथें ते घातलेल्या आम्लाच्या आयनांहून कितीतरी अधिक आहेत, हें तो विसरला. ते हिशेबांत धरले, आणि हायड्रोजन व हायड्रोक्साइड या दोन आयनांचा समतोल सांभाळला, तर उत्तर ६.९८ येतें. तें ७ च्या किंचित् खालीं असतें, जसें तें असावयास हवें. आमच्या मतें हें एक उदाहरण इतर दहांच्या तोडीचें आहे. कारण तें सूत्राच्या मागें उभ्या असलेल्या पाण्याकडे पाहावयास लावतें. पण पुष्कळ पुस्तकांत तें नसतेंच, आणि असलें तरी ‘विशेष प्रश्न’ म्हणून शेवटीं कोपऱ्यांत बसविलेलें असतें.

तिसरा दोष ७ या अंकाला दिलेल्या देवत्वाचा. उदासीन म्हणजे सामू ७, हें वाक्य मुलें मंत्रासारखें पाठ करतात. वस्तुतः उदासीन म्हणजे दोन्ही आयन समसमान असणें. २५ अंशांवर तो बिंदु ७ येथें पडतो. पाणी तापविलें कीं त्याचे रेणु अधिक विभागतात आणि तो बिंदु खालीं सरकतो. १०० अंशांवर तो सुमारे ६.१ येथें असतो. उकळतें पाणी त्यामुळें आम्ल होत नाहीं. दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात. तसेंच वरील अ‍ॅसेटिक आम्लाचें कॉस्टिक सोड्यानें पुरतें उदासिनीकरण केलें, दोन्ही द्रावणें ०.१ मोलाचीं असलीं, तर शेवटीं सामू ७ नव्हे, ८.७ च्या आसपास येतो. ‘उदासिनीकरण’ झालें आणि द्रावण उदासीन झालें नाहीं! शब्दाचा अर्थ आधीं समजला असेल तर यांत विस्मय नाहीं. अंकच अर्थ म्हणून शिकविला असेल तर विद्यार्थ्याच्या पायांखालची जमीन सरकते.

चौथा दोष सर्वांत व्यापक आहे, कारण तो शाळा सोडल्यावरही माणसाबरोबर राहतो. सामू हा घातांक आहे, लांबी किंवा वजन यांसारखी राशि नव्हे, हें लक्षांत राहत नाहीं. हायड्रोक्लोरिक आम्लाचीं दोन द्रावणें, एक सामू ३ चें व दुसरें सामू ५ चें, समान मापानें मिसळलीं, तर सुशिक्षित माणूसही चटकन् ४ म्हणेल. खरें उत्तर ३.३ आहे, कारण पहिल्यांत हायड्रोजन-आयन दुसऱ्याच्या शंभरपट होते, आणि दुसऱ्यानें त्यांना जवळजवळ नुसतें पाणीच पुरविलें. आतां हीच चूक रुग्णाच्या बाबतींत करून पाहा. निरोगी माणसाच्या रोहिणींतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांमध्यें असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर कागदावर फरक तीन दशांशांचा दिसतो. पण हायड्रोजन-आयनांचें प्रमाण दुप्पट झालेलें असतें. वैद्याची धांदल उडालेली पाहून नातलगांना वाटावें, एवढ्याशा फरकाचें काय मोठेंसें! ज्याला शाळेंत सामूचें सूत्र शिकविलें, पण त्याचा अर्थ शिकविला नाहीं, त्याला तें तसेंच वाटणार. मातीच्या तपासणीच्या पत्रकावर ८.५ वाचणारा देशावरचा शेतकरी आणि ५.५ वाचणारा कोंकणांतला शेतकरी यांच्या जमिनींत फरक तीनाचा नव्हे, हजारपटीचा आहे, हेंही त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

आतां परिभाषेविषयीं दोन शब्द. ‘सामू’ हा शब्द सुटसुटीत आहे, आणि पाठ्यपुस्तकांपासून शेतीच्या पत्रकांपर्यंत तो रुळलाही आहे. तो काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. पण सोरेन्सन यांनीं आपल्या अंकाला हायड्रोजन-आयनाचा घातांक म्हटलें होतें; तो घातांक ‘सामू’ या शब्दांत दिसत नाहीं. म्हणून शब्द पहिल्यांदा येईल तेथें त्याचा हा विस्तार सांगणें शिक्षकाचें कर्तव्य ठरतें. ‘आम्लारि’ या शब्दाची तऱ्हा निराळी. आम्लाचा अरि, म्हणजे शत्रु, हें नांव ऐकावयास ठसकेदार आहे. पण १९२३ सालीं ब्रॉन्स्टेड व लौरी यांनीं स्वतंत्रपणें जी कल्पना मांडली, तिच्यांत हें नातें वैराचें नाहीं, देण्याघेण्याचें आहे. आम्ल प्रोटॉन देतें, आम्लारि तो घेतो. आणि घेणारा घेतल्यावर स्वतः देऊं शकतो. शब्द बदलावयास नको. पण त्यांतील वैर हें नुसतें अलंकारिक आहे, एवढें सांगावयास हरकत नसावी.

यावर आक्षेप येईल कीं, मुलें लहान आहेत, वेळ थोडा आहे, आणि परीक्षेंत उदाहरणेंच विचारलीं जातात. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचें उत्तरही व्यवहाराचें हवें. आम्ही अभ्यासक्रम वाढवा असें म्हणत नाहीं. क्रम बदला म्हणतों. प्रथम हळद घ्यावी. चुन्याच्या पाण्यानें ती लाल होते, पण लिंबाचा रस आणि साधें पाणी या दोहोंत ती पिवळीच राहते. दर्शक फक्त आपल्यापुरत्या प्रश्नाचें उत्तर देतो, हें त्यावरून मुलाला कळेल, आणि ‘किती?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप निघेल. मग मोकळें किती व राखीव किती हा भेद सांगावा. मग दहाच्या पटी कागदावर मांडाव्या. सूत्र यावें तें शेवटीं, आणि त्यानंतर दहांऐवजीं चार उदाहरणें द्यावीं; पण त्यांतलें एक तरी असें असावें कीं, जेथें सूत्र एकटें सोडलें तर खोटें बोलतें.

गणितानें उत्तर मिळतें, पण मिळालेलें उत्तर शक्य आहे कीं नाहीं हें ओळखण्याची दृष्टि निराळी मिळवावी लागते. आम्ल घातल्यावर पाणी अल्कधर्मी झालें, असें उत्तर लिहून ज्या विद्यार्थ्याचा हात क्षणभर थबकतो, त्याला रसायनशास्त्र येऊं लागलें असें आम्ही समजूं. ज्याचा हात थबकत नाहीं, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी त्याचें शिक्षण अद्याप व्हावयाचें आहे.