वैद्य बंधू आणि वायडर बंधू
नेवाशात बसून व्यायामाचा इतिहास जुळवताना मला बंधूंच्या दोन जोड्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. अमरावतीच्या अनंत आणि अंबादास वैद्यांनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. माँट्रियलच्या जो वायडरने १९४० साली मासिक काढले, १९४६ मध्ये धाकट्या बेनसह शरीरसौष्ठवाचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभारला. वैद्यांच्या कामातून व्यायामशिक्षक तयार झाले. वायडरांच्या मासिकाचा वाचक त्यांच्याच वजनांचा, पूरक आहाराचा गिऱ्हाईक झाला. तरी त्यांना नुसते व्यापारी म्हणणे अन्यायाचे. गुरू नसलेल्या पोराच्या हाती त्यांनी छापील धडा दिला. मात्र धडा कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे दाखवायला वस्तादच लागतो. म्हणून वैद्यांच्या परंपरेवाचून वायडरांचा धडा मला अपुरा वाटतो.