गर्दी म्हणजे सुकाळ नव्हे

शिरवळला पावसाळ्यात नीरेच्या काठी उभे राहावे. ओढ्याचे लालसर पाणी नदीला मिळते तिथे एक रेघ दिसते. तिच्यावर फेस, पाने आणि काड्या जमलेल्या असतात. समुद्रातही वेगळ्या तापमानाची किंवा क्षारतेची पाणी भिडतात तिथे अशी रेघ तयार होते. तिला सागरी आघाडी म्हणू.

विज्ञानविषयक लेखांत तिचे वर्णन ठरलेले असते. आघाडीवर पोषकद्रव्ये वर येतात, प्लवक वाढतात, म्हणून माशांची डिंभके, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, तिथे जमतात आणि पोसली जातात. यातला पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेले पृष्ठजलाचे तापमान व हरितद्रव्य पाहून मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रे कळवते, ती याच आधारावर. मात्र उपग्रहाला मासे दिसत नाहीत. डिंभके तर नाहीतच.

आमचा आक्षेप त्या 'म्हणून'वर आहे. काही मिलिमीटर लांबीचे डिंभक प्रवाहाविरुद्ध फारसे पोहू शकत नाही. पाणी ज्या रेघेकडे ओढ घेते, तिथे तेही नीरेतल्या काडीसारखे जाऊन पोहोचते. जमणे ही प्रवाहाची करणी; जगणे ही अन्नाची. अंड्यातला बलक संपताच अन्न मिळाले नाही तर डिंभके मोठ्या संख्येने मरतात आणि पुढील वर्षांची मासळी त्यावर ठरते, असा विचार नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी 1914 मध्ये मांडला.

शिवाय त्या रेघेवर भक्षकही येतात आणि कचराही. हवाई बेटांजवळ पाणी एकवटणाऱ्या अशाच पट्ट्यांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे डिंभके दाट होती. पण प्लॅस्टिकचे कण त्यांच्या सातपट होते. तपासलेल्या डिंभकांपैकी 8.6 टक्क्यांच्या पोटात प्लॅस्टिक सापडले. पाळणा आणि सापळा एकाच जागी!

मग प्रकृती कशी ओळखावी? डिंभकाच्या कानातील चुनखडीच्या खड्यावर सामान्यतः रोज एक वलय चढते. वलये रुंद असतील तर वाढ चांगली, अरुंद असतील तर उपासमार. जाळ्यातली संख्या हे सांगू शकत नाही.

तेव्हा वर्गात 'डिंभके कुठे जास्त?' एवढ्यावर थांबू नये. 'त्यांतली किती वाढतील आणि हे कशावरून ठरवाल?' हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशा देईल. दुसऱ्यासाठी मुलांना विचार करावा लागेल.