लेखनिकाचा हात आणि साक्षीची भाषा

महामंदीच्या काळात बेकार लेखकांना वेतन देऊन त्यांच्याकरवी स्थानिक इतिहासाची नोंद करून घेणारी ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ ही अमेरिकी शासकीय योजना १९३५ मध्ये हेन्री ऑल्सबर्ग यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली. तिचे स्मरण बहुधा राज्यवार मार्गदर्शक ग्रंथांसाठी, अथवा रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, झोरा नील हर्स्टन ही नावे तिच्या वेतनपटावर होती म्हणून केले जाते. वाङ्मयविचाराच्या दृष्टीने मात्र तिचे अधिक मोलाचे, आणि अधिक अडचणीचे, संचित आहे ते १९३६ ते १९३८ या काळात पूर्वाश्रमीच्या गुलामांकडून नोंदवून घेतलेल्या २,३०० हून अधिक आत्मकथनांचे.

‘आत्मकथन’ ही संज्ञा येथे सैलपणेच वापरावी लागते. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमिल्टन यांच्या दोन मुलाखती उपलब्ध आहेत. (आडनावही एकीत हॅमलिन, दुसरीत हॅमिल्टन असे आहे!) गोऱ्या मुलाखतकर्त्रीसमोर मालक दयाळू ठरतो, कृष्णवर्णीय मुलाखतकारासमोर फटक्यांच्या शिक्षा आणि मुले विकली गेल्यावर आक्रोश करणाऱ्या आया अवतरतात. पहिल्या प्रसंगी समोरची बाई सरकारी मदत कार्यालयातून आली आहे, असा या वृद्धेचा समज होता. म्हणून ती नोंद खोटी ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. पण उपासमारीच्या दिवसांत सत्तेशी कसे बोलावे लागते, याचा त्याहून प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच सापडेल. लिहिणारा हातही शासकीय मदतीवर जगणारा होता. तरीही शब्दरूप ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहिला.

हा अधिकार सर्वांत उघड होतो तो बोलीच्या लेखनात. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही विभागणी मराठी ग्रामीण कथेच्या वाचकाला परिचित आहे. प्रकल्पातील कृष्णवर्णीयविषयक संपादक, कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी उच्चारांच्या हुबेहूब नकलेपेक्षा वाक्प्रयोगांशी इमान राखावे, असे सुचविले होते. अनेक लेखनिकांनी ते मानले नाही. जो शब्द गोरा माणूसही तसाच उच्चारतो, तोदेखील कृष्णवर्णीयाच्या तोंडी विकृत वर्णलेखनात अवतरला. १९३८ मध्ये डाइज समिती या प्रकल्पात साम्यवादी प्रचार शोधू लागली. १९३९ मध्ये केंद्रीय निधी थांबला. वर्णलेखनातील हे राजकारण मात्र तिच्या दृष्टीस पडले नाही. आणि ज्या असंख्य नोंदींतून प्रश्नच गाळलेले आहेत, त्यांत तर वृद्ध निवेदक कुणाला उद्देशून बोलत आहे, हेच वाचकापासून लपते.