बोंडाच्या आत पाहणारी कला

त्रिमितीय प्रतिकृती आणि ॲनिमेशन यांच्या सॉफ्टवेअरचा परिचय करून देताना त्यातील साधनांची जंत्री मांडण्याचा प्रघात पडला आहे. परंतु साधनाची थोरवी ते कोणत्या विषयाला भिडते यावरून ठरावी, आणि यवतमाळ जिल्ह्यापुरते बोलायचे तर कपाशीच्या बोंडाहून अधिक निकडीचा विषय शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे. २०१७ च्या हंगामात ज्या गुलाबी बोंडअळीने या मुलखातील कपाशीची धूळधाण केली, ती कोवळ्या बोंडात शिरली की तिचे प्रवेशछिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते, बाहेरून बोंड निकोप दिसत राहते, आणि आत मात्र सरकी पोखरली जाऊन रुई डागाळते. बोंड चिरल्याविना जे कॅमेऱ्याला टिपता येत नाही, ते अभंग बोंडात दाखविण्याची मुभा या कलेस आहे.

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये हे बोंड घडविताना प्रथम चौकोनांची एक ढोबळ जाळी घ्यावी, तिचे शिरोबिंदू ओढून टोक निमुळते करावे, कप्प्यांच्या शिवणी खोल कराव्यात, आणि मग कॅटमल व क्लार्क यांनी १९७८ साली मांडलेल्या उपविभाजनाच्या रीतीने, मूळ जाळीला धक्का न लावता, तिला गुळगुळीत करून घ्यावे. साल अर्धपारदर्शक करणे, मिटलेले बोंड उमलविणे, रुईचे तंतू केसांप्रमाणे उगविणे, या सर्वांची तजवीज तेथे आहेच. खरी परीक्षा अळीच्या चालीत होते. तिच्या अंगात हाडांचा कल्पित सांगाडा बसवून काही निवडक चौकटींत तिची स्थिती ठरवून दिली, की सेकंदाला चोवीस या हिशेबाने मधल्या चौकटी सॉफ्टवेअर स्वतः भरते. परंतु ही भरणी गणिताने निर्दोष असली तरी सजीवाची नसते, कारण अळी आकसते, थबकते व मग पुढे सरकते, आणि तो विषम ताल गतीच्या आलेखावरील वक्ररेषा हाताने वाकविल्यावाचून उतरत नाही. आमचे बहुतेक काम येथेच उणे पडते: प्रतिकृती देखणी, आणि चाल पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूची.

खर्चाची सबब आता उरलेली नाही. २००२ साली टॉन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीतून एक लाख युरो उभारून ब्लेंडर सर्वांस खुले केले, आणि त्यावरच घडविलेल्या ‘फ्लो’ या लाटवियन चित्रपटास २०२५ साली ऑस्कर मिळाले.

म्हणून यवतमाळ, पुसद, वणी येथे ही विद्या शिकणाऱ्या तरुणांस माझी विनंती आहे, की सरावासाठी सर्वत्र रूढ झालेले डोनट बाजूस ठेवून त्यांनी एखादी डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, व एक किडके बोंड शेतातून आणावे, ते चिरून नीट पाहावे, आणि पहिली प्रतिकृती त्याचीच करावी.