साईक्स यांचे मत्स्यवर्णन : नाम आणि माप

जव्हार-मोखाड्याच्या नद्यांतील माशांचे मोजमाप करू पाहणाऱ्या अभ्यासकास आरंभ बहुधा कर्नल साईक्स यांच्या दख्खनी माशांवरील निबंधापासून करावा लागतो. हा निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने सविस्तर छापला. त्यातील जातिनामे १८३९ पासूनची मानली जातात. लोकांच्या तोंडची नावे साईक्स यांनी शास्त्रीय नामांत घेतली, ही त्याची थोरवी. ‘खुद्री’ हे नाव आज जगभर चालते. मात्र रोमन लिपीत ल आणि ळ एक झाले. आणि ‘शिंगटी’चा श गेला तो लेखकाच्या कानामुळे की सांगणाऱ्याच्या जिभेमुळे, याचा निर्णय त्या अक्षरांवरून होत नाही.

नामाची ही हानी सोसता येते. वर्णनाची उणीव अधिक जड आहे. साईक्स यांचा भर परांतील किरणांच्या संख्येवर व मिशांवर आहे. किरणांची संख्या वयानुसार सहसा बदलत नाही, म्हणून ही निवड अविचाराची म्हणता येणार नाही. परंतु तीच संख्या अनेक जातींत आढळते. त्यांना वेगळे करते ती शरीराची ठेवण, आणि ठेवण वाढीबरोबर पालटते: पिलाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो, प्रौढाचा लहान. याचे फळ ‘मुसुल्लाह’ या नावाने भोगले. घोड नदीवरील हा मासा दीर्घकाळ महसीरांत गणला गेला. २०१३ साली तो महसीर नसून वेगळ्या प्रजातीचा असल्याचे मांडण्यात आले.

फ्रान्सिस डे यांनी १८७५–७८ च्या ग्रंथात प्रमाणे दिली, ही मोठीच सुधारणा होय. तथापि त्यांची एकूण लांबी शेपटीच्या परासह आहे. आजचे अभ्यासक बहुधा परामुळापर्यंतच मोजतात. समजा, मासा २५ सेंटिमीटर लांब, त्यात शेपटीचा पर ५ आणि डोके ५. डे यांच्या रीतीने डोके पंचमांश, आजच्या रीतीने चतुर्थांश! मासा तोच, वाक्य निराळे.

साईक्स यांच्या मुळा-मुठा व घोड या नद्या पूर्वेस वाहतात. वैतरणा त्र्यंबकजवळ उगम पावून मोखाड्यातून पश्चिमेस उतरते. तेथील माशाला घाटावरचे नाव देताना वाढीचा पुरावा हाती हवा. आकार न बदलता लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट व्हावे. प्रत्यक्षात ते कमीअधिक भरते, आणि पावसाळ्यात अंड्यांनी भरलेल्या मादीचे वजन उन्हाळ्यातील डोहातल्या मादीशी जुळत नाही. शिवाय २०१४ साली मध्य वैतरणा धरण कार्यान्वित झाले आणि मोखाड्यातील वाहत्या पात्राचा काही भाग साचलेले पाणी झाला. अशा नदीतून घेतलेल्या मापाशेजारी महिना, लिंग, ठिकाण आणि लांबी कोठून कोठवर धरली हे लिहिलेले नसेल, तर ते माप साईक्स यांच्या वर्णनाइतकेच मोघम राहील. आणि ते नसलेल्या नोंदी आजही छापल्या जातात.