एका देहातील अनेक आवाज : रिचर्ड प्रायरच्या विनोदाविषयी

विनोदकाराचे चरित्र आणि त्याचा विनोद यांत सरळ कार्यकारणसंबंध जोडण्याची सवय समीक्षेला आहे : दुःख भोगले, म्हणून हसवता आले. अमेरिकी कृष्णवर्णीय विनोदकार व नट रिचर्ड प्रायर (१९४०-२००५) याच्याबाबत तर सामग्री तयारच असते. पिओरिया शहरात आजीच्या कुंटणखान्यात गेलेले बालपण, मादक द्रव्ये, १९८० मध्ये होरपळलेले शरीर. परंतु असे भोगणारे पुष्कळ असतात. प्रश्न उरतो तो या अनुभवाला सापडलेल्या निवेदनरूपाचा.

प्रारंभीचा प्रायर बिल कॉस्बीच्या वळणाचा, गोऱ्या श्रोत्यांना सोयीचा होता. १९६७ मध्ये लास व्हेगसच्या अलादीन हॉटेलातील कार्यक्रम अर्धवट टाकून तो रंगमंचावरून निघून गेला. या घटनेची पुढे दंतकथा झाली असली, तरी त्यानंतरचा पालट खरा आहे. सत्तरच्या दशकात त्याच्या मुखातून दारुडे, गर्दुल्ले, धर्मोपदेशक बोलू लागले. मिसिसिपीकडचा वृद्ध मडबोन हा त्यांतील सर्वांत सुघटित. नकलाकार पात्राच्या किंचित वर उभा असतो. मडबोन बोलू लागला, की त्याला तोलणारा निवेदक रंगमंचावर उरतच नाही. बाख्तीनने कादंबरीत पाहिलेली बहुस्वरता येथे एकाच देहात नांदते. १९७९ च्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'मध्ये तर प्रायरचे स्वतःचे हृदयच त्याला दरडावते आणि तो जमिनीवर कोसळत गयावया करतो.

खरा पेच भाषेचा आहे. कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द प्रायरने १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातच घेतला. दलित आत्मकथनांच्या मराठी वाचकाला ही रीत अपरिचित नाही. तेथेही शिष्ट अभिरुची अशीच दचकली होती. मात्र छापील पानासमोरचा वाचक एकटा असतो. सभागृहात गोरा प्रेक्षक कृष्णवर्णीय शेजाऱ्याबरोबर एकाच क्षणी हसतो, आणि तो नेमका कशाला हसला हे ठरवणे कलावंताच्या हाती राहत नाही. १९७९ मधील केनियाच्या प्रवासानंतर प्रायरने तो शब्द सोडला. तेथे भोवतालच्या माणसांत त्या शब्दाने ओळखावे असे कोणीच त्याला दिसले नव्हते. १९८२ च्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप'मध्ये त्याने हे रंगमंचावरूनच सांगितले. यात माघार पाहणे उथळपणाचे आहे. आपल्याच कलेची इतकी कठोर समीक्षा श्रोत्यांसमोर करणारे कलावंत थोडे.

चित्रपटांनी त्याला लोकप्रियता दिली, पण 'ब्लू कॉलर' (१९७८) वगळता फारसे काही दिले नाही. 'सुपरमॅन ३' (१९८३) मधील त्याचे काम पाहवत नाही. १९८६ मध्ये त्याने स्वतःच्या आयुष्यावर बेतलेला 'जो जो डान्सर' दिग्दर्शित केला व त्यात प्रमुख भूमिका केली. अनुभव तेच होते, माणूसही तोच. पण आजीची भूमिका येथे दुसऱ्या कलावतीकडे गेली, इतर माणसेही वेगवेगळ्या नटांत वाटली गेली, आणि उरले ते एक सामान्य चरित्रपट.